अर्ज करताच नकार येतो? रेझ्युमे बदलण्याआधी अर्ज कुठे अडकतोय ते शोधा

जाहिरातीतली प्रत्येक अट बसते, अनुभव आहे, रेझ्युमे नीटनेटका आहे, तरी कुठूनच उत्तर येत नाही. किंवा येतं ते अर्ज पाठवल्यावर काही मिनिटांत, 'आम्ही अन्य उमेदवारांचा विचार करत आहोत' या ठरावीक वाक्यात. असं चार-सहा ठिकाणी झालं की माणूस रेझ्युमे नव्याने करायला घेतो. नवं टेम्प्लेट, नवा फॉन्ट, वर नवा सारांश. पुढच्या अर्जाला पुन्हा तेच. आजूबाजूचे म्हणतात, 'एटीएसने', म्हणजे अर्ज हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरने, 'उडवला असेल', आणि विषय तिथेच संपतो.

भरतीच्या कामात ही सॉफ्टवेअर मी पलीकडच्या बाजूने पाहत आले आहे, आणि चांगल्या माणसांचे अर्ज अगदी फालतू कारणांनी पडून राहताना पाहिले आहेत. म्हणून कळकळीने सांगते: रेझ्युमेला हात लावण्याआधी अर्ज कुठे थांबतोय ते शोधून काढा. थांबण्याच्या जागा तीन-चारच आहेत, पण प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे. फॉर्ममधल्या एका चुकीच्या उत्तरामुळे अर्ज बाद होत असेल, तर जगातलं सगळ्यात सुंदर टेम्प्लेटही उपयोगाचं नाही.

एटीएस म्हणजे अप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टीम. वर्कडे, ग्रीनहाउस, आयसिम्स, लेव्हर, सॅप सक्सेसफॅक्टर्स, ओरॅकलचं टॅलिओ ही त्यातली ओळखीची नावं. यांचं मूळ काम अर्ज साठवणं, कोण कुठल्या टप्प्यावर आहे याची नोंद ठेवणं आणि रिक्रूटरला यादीतून शोधायला मदत करणं हे आहे. अर्ज आत गेल्यावर साधारण असं घडतं: सॉफ्टवेअर फाइलमधला मजकूर काढून नाव, फोन, शिक्षण, नोकऱ्या, कौशल्यं अशा खणांत भरतं. फॉर्ममधल्या उत्तरांवर कंपनीने काही नियम लावले असतील तर ते चालतात. मग रिक्रूटर यादी उघडतो, शब्द टाकून शोधतो, फिल्टर लावतो किंवा सॉफ्टवेअरने दिलेल्या जुळणीच्या क्रमाने वरून खाली जातो. शेवटी माणसाची नजर. अर्ज यांतल्या कुठल्याही पायरीवर अडू शकतो.

'75 टक्के रेझ्युमे माणसाच्या नजरेस पडण्याआधीच एटीएस फेकून देतं' हा आकडा तुम्ही ऐकला असेल. त्याच्या मागे तपासून पाहता येईल असा अभ्यास नाही. रेझ्युमे दुरुस्तीच्या सेवा विकताना तो वर्षानुवर्षं फिरवला गेला आहे. त्याच्या भीतीने पैसे खर्च करू नका.

नकाराची वेळ बघा

सगळ्यात स्वस्त चाचणी हीच. नकाराची मेल पाच-दहा मिनिटांत आली, तर रेझ्युमे कुणी उघडलेला नाही हे जवळपास नक्की. अशा वेळी बहुधा सॉफ्टवेअरनेही तो वाचून नापसंत केलेला नसतो. फॉर्ममधल्या एखाद्या प्रश्नाला लावलेला बाद करण्याचा नियम चाललेला असतो. मग थेट खालच्या 'फॉर्ममधले प्रश्न' या भागाकडे जा, टेम्प्लेटचा विचारच सोडा.

उलट बाजू मात्र तितकी पक्की नाही. आपोआप झालेला नकारही काही दिवस थांबवून पाठवण्याची सोय अनेक सिस्टीममध्ये असते, उमेदवाराला तुसडं वाटू नये म्हणून. त्यामुळे आठवड्याने मेल आली म्हणजे कुणीतरी वाचून ठरवलं असं समजू नका. तसंच पोर्टलवर दिसणाऱ्या 'अंडर रिव्ह्यू'वरही फार भिस्त ठेवू नका. बऱ्याच ठिकाणी अर्ज पोचल्याबरोबर तीच स्थिती दिसू लागते आणि पद बंद होईपर्यंत तशीच राहते.

काहीच उत्तर येत नसेल तर शक्यता दोन. एक, फाइल नीट वाचली गेली नाही किंवा शोधात वर आली नाही. दोन, पदच थंडावलं. पहिली तुमच्या हातात आहे, तिची तपासणी घरबसल्या होते.

एक साधी वही किंवा शीट ठेवा: कुठे अर्ज केला, कोणत्या तारखेला, रेझ्युमेची कोणती आवृत्ती दिली, फॉर्ममध्ये कोणते प्रश्न होते आणि काय उत्तर दिलं, उत्तर कधी आलं. शेवटून दुसरी नोंद, म्हणजे प्रश्नोत्तरांची, लोक ठेवत नाहीत. खरा सुगावा मात्र तिथेच सापडतो. अर्ज सबमिट करण्याआधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवला तरी पुरे, कारण नंतर तो फॉर्म पुन्हा बघायला मिळतोच असं नाही.

फाइल वाचली जाते का?

रेझ्युमेची पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करा, कॉपी करा आणि नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये पेस्ट करा. वर्डमध्ये नको, नोटपॅडमध्येच, म्हणजे सजावट गळून पडेल. जे उरतं ते सॉफ्टवेअरच्या हाती पडणाऱ्या मजकुराच्या बरंच जवळचं असतं. आता ते वरून खाली, माणसासारखं नाही तर ओळीमागून ओळ असं वाचा.

दोन रकान्यांच्या रेझ्युमेचं काय होतं ते बघा. पानावर डावीकडे संपर्क आणि कौशल्यं, उजवीकडे नोकऱ्या, दिसायला झकास. पेस्ट केल्यावर मात्र असं काहीतरी हाती येतं:

कौशल्ये सीनियर अकाउंटंट
एक्सेल मार्च 2019 ते जून 2023
एसएपी मासिक ताळेबंद तयार करणे,
पॉवर बीआय ऑडिटसाठी कागदपत्रे

यात पदाचं नाव 'कौशल्ये सीनियर अकाउंटंट' झालं, एक्सेलला तारखा चिकटल्या, आणि पॉवर बीआय हे कौशल्य आहे की कामाच्या वाक्याचा तुकडा, हे ठरवणं सॉफ्टवेअरच्या अंदाजावर आलं. याचं कारण पीडीएफच्या रचनेत आहे. तिच्यात परिच्छेद किंवा रकाने नोंदलेले असतीलच असं नाही. 'हे अक्षर पानाच्या या बिंदूवर काढ' अशा सूचना असतात. त्यांतून ओळी आणि त्यांचा क्रम वाचणाऱ्याला जुळवावा लागतो. चांगले पार्सर, म्हणजे फाइलमधून मजकूर काढणारे प्रोग्राम, दोन रकाने ओळखतात, जुने ओळखत नाहीत. समोरच्या कंपनीकडे कोणता आहे हे तुम्हाला कळणार नाही. म्हणून एकाच रकान्याचा, सरळ खाली उतरणारा रेझ्युमे ठेवा.

पेस्ट केलेल्या मजकुरात आणखी काय शोधायचं? आधी तुमचं नाव, फोन आणि ईमेल. ते गायब असतील तर बहुधा हेडरमध्ये आहेत. वर्डची फाइल आतून अनेक छोट्या फाइलींचं गाठोडं असते. मुख्य मजकूर एकीत, हेडर-फूटर वेगळ्यांत. काही पार्सर फक्त मुख्य मजकूर उचलतात. टेक्स्ट बॉक्समध्ये लिहिलेल्या गोष्टीही अशाच सुटतात. नाव आणि संपर्क हेडरमधून काढून पानाच्या पहिल्या ओळीत साधे लिहा. फोन आणि ईमेलच्या आधीची ती छोटी चित्रंही काढा. अनेकदा ती आयकॉन फॉन्टमधली अक्षरं असतात, पेस्ट केल्यावर चौकोन होतात, आणि कधी ईमेलच्या पहिल्या अक्षराला चिकटून अख्खा पत्ता बिघडवतात.

मग इंग्रजी शब्दांतलं 'एफ' आणि 'आय' बघा. काही फॉन्ट ही दोन अक्षरं जोडून एकच आकृती छापतात. डोळ्याला फरक कळत नाही, पण मजकूर काढताना ती आकृती कधी वेगळंच अक्षर म्हणून येते, कधी तिथे नुसती मोकळी जागा उरते. 'सर्टिफाइड'चे दोन तुकडे होतात, 'ऑफिस', 'फायनान्स', 'एफिशियन्सी' यांचंही तसंच. रिक्रूटरने 'सर्टिफाइड' शोधलं तर तुम्ही सापडत नाही, आणि तुमच्या स्क्रीनवर शब्द अगदी बरोबर दिसत असतो. लाटेक्स या पानमांडणीच्या साधनातून किंवा डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून बनवलेल्या रेझ्युमेत हे जास्त दिसतं. ही जोडणी, म्हणजे लिगेचर, बंद करा किंवा एरियलसारखा साधा फॉन्ट घेऊन पुन्हा पीडीएफ काढा, आणि पुन्हा पेस्ट करून बघा.

नाव भारदस्त दिसावं म्हणून अक्षरांमध्ये जागा सोडण्याची पद्धत आहे. तीही टाळा, नाहीतर प्रत्येक अक्षर सुटा शब्द होतो. आणि पीडीएफमध्ये काही सिलेक्टच होत नसेल, तर तुमचा रेझ्युमे म्हणजे एक चित्र आहे. स्कॅन केलेला कागद किंवा अक्षरांचे आकार करून टाकलेलं डिझाइन असलं की असं होतं. काही सिस्टीम चित्रातून अक्षरं ओळखतात, पण त्यावर नोकरी टांगू नका. कौशल्यांपुढचे तारे आणि पाचपैकी चार भरलेल्या पट्ट्यांचंही तेच: सॉफ्टवेअरला त्या दिसत नाहीत, आणि माणसालाही 'एक्सेलमध्ये चार तारे' यातून काही कळत नाही.

रेझ्युमे मराठीत मागितला असेल तर तो युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या, युनिकोड नसलेल्या देवनागरी फॉन्टमध्ये फाइलच्या आत रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, वर फक्त देवनागरी आकृत्या दिसतात. तो मजकूर नोटपॅडमध्ये टाकला की अगम्य चिन्हांची रांग येते. सिस्टीमलाही तीच मिळते.

तारखांवर थोडं थांबते, कारण इथे शांतपणे बराच अनुभव गळतो. '2019-21' असं लिहिलंत तर तो काळ किती? जानेवारी 2019 ते डिसेंबर 2021 धरला तर तीन वर्षं, आणि डिसेंबर 2019 ते जानेवारी 2021 धरला तर जेमतेम 14 महिने. सॉफ्टवेअर काहीतरी एक धरतं, आणि त्यावरून तुमचा एकूण अनुभव मोजतं. '03/04/2021' ही एखाद्या ठिकाणी तीन एप्रिल असते, दुसऱ्या ठिकाणी चार मार्च. महिन्याचं नाव आणि चार आकडी वर्ष, प्रत्येक नोकरीला एकाच पद्धतीने, एवढं केलं की प्रश्न मिटतो. चालू नोकरीला इंग्रजी रेझ्युमेत 'प्रेझेंट' लिहा. एकाच कंपनीत बढती मिळाली असेल तर प्रत्येक पदाला त्याच्या स्वतःच्या तारखा द्या.

मथळे ओळखीचे ठेवा: अनुभव, शिक्षण, कौशल्ये, प्रमाणपत्रे. 'माझा प्रवास' किंवा 'मी काय घेऊन येतो' असा मथळा दिला की सॉफ्टवेअरला तो भाग कुठल्या खणात टाकायचा ते कळत नाही.

पीडीएफ द्यावी की वर्डची फाइल? जाहिरातीत किंवा फॉर्मवर लिहिलं असेल तेच द्या. काही लिहिलं नसेल तर वर्डमधून थेट काढलेली, मजकूर सिलेक्ट होणारी, पासवर्ड नसलेली पीडीएफ आजच्या बहुतेक सिस्टीम नीट वाचतात. पोर्टल फार जुनाट वाटलं तर वर्डची फाइल देणं शहाणपणाचं.

नोटपॅडपेक्षाही चांगला पुरावा एका ठिकाणी फुकट मिळतो, आणि लोक त्याच्यावर चिडून पुढे जातात. रेझ्युमे अपलोड केल्यावर अनेक पोर्टलवर पुढच्या पानात नाव, नोकऱ्या, शिक्षण आपोआप भरून येतं. ते चुकीचं आलं की वैताग येतो. पण ते पान म्हणजे त्याच कंपनीच्या पार्सरने तुमची फाइल कशी वाचली याचं थेट उत्तर आहे. कंपनीच्या जागी पदाचं नाव आलं, एखादी नोकरी गायब झाली, शिक्षण रिकामं राहिलं, तर नेमकं काय बिघडलंय ते समोरच दिसतं. फॉर्म हाताने दुरुस्त कराच, कारण रिक्रूटरचे फिल्टर बऱ्याचदा या खणांवर चालतात. पण त्याबरोबर मूळ फाइलही दुरुस्त करा, कारण पुढच्या पोर्टलवर दुरुस्तीची संधी मिळेलच असं नाही.

फॉर्ममधले प्रश्न

भरतीच्या भाषेत यांना नॉकआउट प्रश्न म्हणतात. त्या देशात काम करण्याची परवानगी आहे का, अमुक परवाना आहे का, अमुक तंत्रज्ञानाचा किती वर्षांचा अनुभव, शिफ्टमध्ये काम चालेल का, दुसऱ्या शहरात यायची तयारी आहे का, नोटीस पिरियड किती, पगाराची अपेक्षा किती. उत्तर कंपनीने आखलेल्या रेषेच्या बाहेर गेलं की अर्ज आपोआप नकाराच्या ढिगात. उमेदवार हे प्रश्न शेवटच्या दोन मिनिटांत, घाईत भरतात. सगळा जीव रेझ्युमेवर आणि निकाल या पानावर, असं होतं.

खोटं उत्तर देऊ नका. पुढे मुलाखतीत किंवा कागदपत्रांच्या पडताळणीत ते उघडं पडतं आणि मिळालेली ऑफरही जाते. पण स्वतःवर अन्याय करणारं उत्तरही देऊ नका, आणि मला हेच जास्त दिसतं. 'एसक्यूएलचा किती वर्षांचा अनुभव?' या प्रश्नाला माणूस शून्य भरतो, कारण त्याच्या पदाच्या नावात कुठे डेटाबेस नव्हता. प्रत्यक्षात तो तीन वर्षं दर आठवड्याला एसक्यूएलमधून रिपोर्ट काढत होता. तो तीन वर्षांचा अनुभवच आहे. फ्रेशर असाल तर प्रश्न नीट वाचा: 'नोकरीतला अनुभव' विचारला असेल तर तेवढाच द्या, नुसता 'अनुभव' विचारला असेल तर इंटर्नशिप आणि गंभीरपणे केलेला प्रकल्प धरायला हरकत नाही, फक्त तो रेझ्युमेत तारखांसह दिसला पाहिजे.

आकड्याच्या रकान्यात फक्त आकडा भरा. '3+' किंवा 'साडेतीन वर्षे' लिहिलं तर काही फॉर्म ते स्वीकारत नाहीत, काही स्वीकारतात पण फिल्टरला तो आकडा म्हणून कळत नाही. पगाराच्या रकान्यात महिन्याचा विचारलाय की वर्षाचा, आणि कुठल्या चलनात, हे दोनदा वाचा. महिन्याच्या जागी वर्षाचा आकडा पडला की अपेक्षा एकदम बारापट होते, आणि मर्यादेचा नियम तुम्हाला क्षणात बाहेर काढतो.

शिक्षणाची यादी उघडून निवडायची असेल आणि तुमच्या पदवीचं नेमकं नाव त्यात नसेल, तर 'इतर'वर लगेच जाऊ नका. फिल्टर बहुधा पातळीवर असतो: पदविका, पदवी, पदव्युत्तर. तुमची पातळी बरोबर निवडा, नेमकं नाव रेझ्युमेत आहेच.

गॅप असेल तर

हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचर यांनी 2021 मध्ये 'हिडन वर्कर्स' नावाचा अहवाल काढला. त्यात सहा महिन्यांपेक्षा मोठा खंड असलेले अर्ज सुमारे निम्म्या कंपन्या याच कारणावरून गाळतात असं आढळलं. खंड का पडला, हे त्या फिल्टरला माहीतही नसतं. आजारपण, बाळंतपण, घरच्यांची शुश्रूषा, सगळं एकाच चाळणीत. त्याच अहवालात 88 टक्के कंपन्यांनी मान्य केलं की निकष तंतोतंत जुळत नाहीत म्हणून चांगली कौशल्यं असलेले लायक उमेदवारही गाळले जातात. हे वाचून मला राग येतो, आणि यावा असंच ते आहे.

इलाज मर्यादित आहे, पण आहे. खंड रिकामा ठेवू नका. त्या काळाला अनुभवाच्या भागातच एक नोंद द्या, तारखांसकट: 'कौटुंबिक कारणासाठी रजा', 'फ्रीलान्स काम', 'पूर्णवेळ शिक्षण', जे खरं असेल ते. खाली एक-दोन ओळीत त्या काळात काही शिकलात किंवा केलंत तर ते लिहा. आजारपणाचा तपशील देण्याची गरज नाही. तारखा जोडून लागल्या की मोजणाऱ्या नियमाला रिकामी जागा सापडण्याची शक्यता कमी होते, आणि वाचणाऱ्या माणसालाही शंका घ्यायला जागा उरत नाही. तारखा लपवण्यासाठी फक्त वर्षं लिहिण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. वर सांगितलेला मोजणीचा गोंधळ त्यातूनच होतो.

वाचला जातो, पण सापडत नाही

फाइल स्वच्छ वाचली जाते, फॉर्मही नीट भरला, तरी शांतता. आता शोधाकडे या. एका पदाला शेकडो अर्ज आले की रिक्रूटर सगळे क्रमाने वाचत नाही. तो शोधपट्टीत शब्द टाकतो: हे आणि ते हवं, यांपैकी एक चालेल, हे नको. किंवा सॉफ्टवेअरने जाहिरातीशी जुळणी करून लावलेल्या क्रमाने वरचे अर्ज बघतो. दोन्हीकडे तुमच्या रेझ्युमेत तो शब्द असणं महत्त्वाचं.

जाहिरात समोर घ्या आणि त्यातल्या फक्त ठोस गोष्टींवर खुणा करा: साधनांची नावं, प्रमाणपत्रं, पदाचं नाव, कामाच्या प्रक्रिया, कायदे किंवा मानकं. 'उत्साही', 'संघभावना असलेला', 'वेगवान वातावरणात काम करणारा' हे सोडून द्या, रिक्रूटर हे शब्द टाकून शोधत नाही. खुणा केलेल्यांपैकी जे तुम्हाला खरोखर येतं ते रेझ्युमेत जाहिरातीच्याच शब्दांत आहे का बघा. नव्या सिस्टीम अर्थाने जवळचे शब्दही जोडतात, जुन्या अक्षरशः तोच शब्द शोधतात. म्हणून लघुरूप आणि पूर्ण नाव दोन्ही एकेकदा तरी यावं. 'पीएमपी' लिहिलं असेल तर 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल'ही लिहा. 'एसईओ'बरोबर 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन'. शोधणारा यांतलं कोणतं टाइप करेल ते आपल्याला माहीत नसतं.

शब्द फक्त कौशल्यांच्या यादीत कोंबून भागत नाही. तो कामाच्या वाक्यात आला पाहिजे, कारण यादीनंतर माणूस तेच वाचतो. 'विक्री विभागाच्या रिपोर्टिंगची जबाबदारी सांभाळली' या ओळीतून ना सॉफ्टवेअरला काही मिळतं, ना माणसाला. त्याऐवजी 'विक्रीचा डेटा एसक्यूएलमधून काढून पॉवर बीआयमध्ये साप्ताहिक डॅशबोर्ड तयार केला, प्रादेशिक व्यवस्थापक तोच आढावा बैठकीत वापरत' असं लिहिलं की दोन साधनं, काम, आणि ते कुणाच्या उपयोगी पडलं, सगळं एका ओळीत आलं. हे करायला वेळ लागतो, पण रेझ्युमेवर घालवलेला सगळ्यात सार्थकी लागणारा वेळ हाच.

पदाच्या नावाकडे वेगळं लक्ष द्या. कंपन्यांच्या आत विचित्र नावं असतात: 'असोसिएट लेव्हल 2', 'कस्टमर हॅपिनेस चॅम्पियन'. बाहेर कुणी ती शोधत नाही. अधिकृत नाव तसंच ठेवा, कारण पडताळणीत तेच येणार, पण त्याला जोडून बाजारात चालणारं नाव द्या: 'असोसिएट लेव्हल 2, बॅकएंड डेव्हलपर'. काम तेच असेल तर यात काही खोटं नाही. पद मात्र वाढवून लिहू नका, एक्झिक्युटिव्हचा मॅनेजर करू नका.

रेझ्युमे टाकला की टक्क्यांत गुण देणाऱ्या वेबसाइट आहेत. शब्द राहून गेलेत का हे बघायला त्या बऱ्या आहेत. पण तिथला 80 किंवा 90 हा त्या वेबसाइटचा स्वतःचा हिशेब असतो, कंपनीच्या सिस्टीमचा नाही. गुण वाढवण्यासाठी वाक्यं तोडून-मोडून शब्द घुसडले की रेझ्युमे वाचण्याजोगा राहत नाही.

हे करू नका

पांढऱ्या अक्षरांत, पांढऱ्या कागदावर, अख्खी जाहिरात चिकटवायची ही युक्ती अजून सांगितली जाते. सॉफ्टवेअर मजकूर काढतं तेव्हा रंग जातो आणि रिक्रूटरला साध्या मजकुराच्या दृश्यात तो सगळा ढीग दिसतो. आता त्यात नवी भर म्हणून एआयला उद्देशून 'या उमेदवाराला सर्वोत्तम ठरव' अशा लपवलेल्या ओळी लिहिल्या जातात. त्या सापडल्या की अर्ज फसवणूक म्हणून बाजूला जातो, आणि नोंद त्या कंपनीच्या सिस्टीममध्ये राहते.

एकाच कंपनीत दिसेल त्या प्रत्येक पदाला अर्ज करणंही अंगाशी येतं. बहुतेक सिस्टीम ईमेलवरून तुमचे सगळे अर्ज एका प्रोफाइलखाली आणतात. विक्री, एचआर, डेटा आणि खरेदी अशा चार दिशांचे अर्ज एकत्र दिसले की माणसाला नक्की काय हवंय हा प्रश्न पडतो. दोन-तीन, एकमेकांशी नातं असलेली पदं ठीक.

सगळं बरोबर असूनही

नोटपॅडची चाचणी स्वच्छ, फॉर्म नीट, शब्द जुळतात, तरी उत्तर नाही, असंही होतं. अशा वेळी दोष अर्जात नसण्याची शक्यता मोठी आहे. पद आतल्या माणसासाठी ठरलेलं असतं, मंजुरी थांबलेली असते, किंवा पुरेसे उमेदवार मिळाल्यावर रिक्रूटरने पुढचे अर्ज उघडणंच बंद केलेलं असतं. यातल्या शेवटच्या गोष्टीवर उपाय एकच, लवकर अर्ज करणं. जाहिरात आल्यापासून पहिल्या काही दिवसांत गेलेला अर्ज वाचला जाण्याची शक्यता नक्कीच जास्त. त्यासाठी मूळ रेझ्युमे तयार हवा, म्हणजे दर वेळी फक्त वरच्या काही ओळी आणि कौशल्यांचा क्रम बदलावा लागेल.

ओळखीचं कुणी त्या कंपनीत असेल तर रेफरल मागायला संकोच करू नका. रेफरलचा अर्जही त्याच सिस्टीममधून जातो, पण त्यावर कुणी सुचवलं याची खूण असते आणि रिक्रूटर तो उघडून बघण्याची शक्यता वाढते. मागताना पदाचा क्रमांक, रेझ्युमे आणि 'मी या पदाला का बसतो' याच्या तीन ओळी पाठवा, म्हणजे समोरच्याला फक्त पुढे ढकलायचं काम उरतं.

काही गोष्टी उमेदवाराच्या हातातच नसतात. जुन्या भरतीच्या नोंदींवरून शिकणारं सॉफ्टवेअर जुने पूर्वग्रहही शिकतं. अ‍ॅमेझॉनने आतल्या आत तयार केलेलं असं एक साधन स्त्रियांच्या रेझ्युमेंना खालचे गुण देत होतं आणि कंपनीने ते गुंडाळलं, हे 2018 मध्ये रॉयटर्सच्या बातमीतून बाहेर आलं. त्यामुळे कायदेही येऊ लागले आहेत. न्यूयॉर्क शहरात जुलै 2023 पासून भरतीत अशी स्वयंचलित साधनं वापरायची तर पूर्वग्रहाची तपासणी करून घेणं आणि उमेदवाराला कळवणं बंधनकारक आहे. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याचं 22 वं कलम निव्वळ यंत्राने घेतलेल्या महत्त्वाच्या निर्णयांवर मर्यादा घालतं. तिथल्या कंपनीत अर्ज केला असेल आणि नकार संशयास्पद वेगाने आला असेल, तर 'हा निर्णय माणसाने पाहिला का, नसेल तर पाहावा' असं सभ्यपणे लिहून विचारा.

आणि त्याच कंपनीत पुन्हा अर्ज करताना आधी जुन्या खात्यात लॉगिन करा. तिथे दोन वर्षांपूर्वीचा दोन रकान्यांचा रेझ्युमे, चुकीचं भरलेलं शिक्षण आणि अर्धवट नोकऱ्या तशाच पडून असतात, आणि नव्या अर्जात आपोआप तेच ओढलं जातं. जुनी फाइल काढा, प्रत्येक खण नव्या रेझ्युमेशी पडताळून दुरुस्त करा आणि मगच सबमिट करा.